मासा नसलेली खण

हे लिहू का, असं मी अक्काला फोनवर विचारलं. मागे तिच्या सुनेनं मिक्सर लावला होता, त्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मिक्सर थांबल्यावर म्हणाली, "लिही की. पण मल्लूमामांवर कुणी हसंल असं लिहू नको." अक्का म्हणजे माझी थोरली बहीण शालिनी. माझ्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठी. लग्न झाल्यापासून आजऱ्याला असते. आता आम्ही दोघीही सत्तरीपुढे गेलोय, आणि ज्यांच्यावर कुणी हसू नये असं तिला वाटतं ते मामा जाऊन पस्तीसेक वर्षं झाली. तरी तिचं पहिलं म्हणणं त्यांच्याविषयीच होतं. स्वतःविषयी काय लिहावं, काय लिहू नये, याबद्दल तिनं एक शब्द काढला नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमचं घर पुढून दुकान आणि मागून घर असं होतं. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, भुसारीचं दुकान. सकाळी उठलं की आधी कानावर यायचा तो शेजारच्या तालमीतला बैठकांचा दमदार हुंकार, आणि त्याच्या पाठोपाठ अप्पांनी दुकानाच्या फळ्या काढण्याचा खडखडाट. फुटबॉलचा सामना असला की दुपारनंतर गिऱ्हाईक फिरकत नसे. संध्याकाळी पेठ जिंकून आली की गल्लीभर हलगी वाजायची आणि अप्पा स्वतःहून पोरांना गुळाचे खडे वाटायचे. घरभर शेंगदाण्यांचा, नव्या गुळाचा आणि पोत्यांचा एक धुळकट वास असायचा. आम्ही लिंगायत. घरात मांसमच्छी सोडाच, अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं. आणि अशा घरातली थोरली पोर प्राणिशास्त्र शिकायला गेली.

ती का गेली हे अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, शेवटपर्यंत कळलं नाही. अक्कानं कॉलेजात पहिला बेडूक कापला त्या दिवशी अव्वा मागच्या दारात बादली घेऊन उभी होती. "तिथंच थांब. डोक्यावरनं पाणी घेऊनच आत ये," असं म्हणून तिनं बादली माझ्या हातात दिली आणि मी न्हाणीच्या दगडावर बसलेल्या अक्काच्या डोक्यावर पाणी ओतत राहिले. अक्का हसत होती. "कुमे, त्याचं काळीज बाहेर काढलं तरी उडत होतं बघ," म्हणाली. आतून अव्वा ओरडली, "जेवणाच्या आधी असलं काय सांगू नगो तिला!" हे पुढे रोजचंच झालं. अव्वा रागावली होती असं नाही. आपल्या घराचा एक नियम तिनं सांभाळला आणि मुलीलाही दूर केलं नाही, एवढंच.

पदवी झाली, मग एम. एस्सी. झालं, आणि अक्कानं विद्यापीठात संशोधनासाठी नाव घातलं. तेव्हापासून न्हाणीशेजारच्या कट्ट्यावर दुकानातल्या लिमलेटच्या गोळ्यांच्या रिकाम्या बरण्या येऊन बसल्या. त्यांत पाणी, शेवाळ आणि पाण्यातल्या गोगलगायी. करंगळीच्या नखाएवढ्या, पातळ कवचाच्या, तपकिरी. अव्वानं पहिल्या दिवशी लांबूनच विचारलं, "ही काय खातात?"

"शेवाळ खातात, अव्वा. शाकाहारी हायत."

अव्वानं थोडा विचार केला. "मग राहू देत," म्हणाली. पुढेपुढे तर भाजी निवडताना पालकाचं एखादं पान ती स्वतःच बरणीत टाकायची.

सकाळी लवकर आम्ही दोघी रंकाळा तलावावर जायचो. मी तेव्हा टायपिंगच्या क्लासला जात होते, माझा क्लास उशिरा असायचा, म्हणून बरण्या आणि गाळणं धरायला मी. अक्का पाण्याकडे बघत बोलत राहायची आणि मी ऐकत राहायचे. मला शास्त्रातलं काही कळत नव्हतं, पण तिचं ऐकताना पाण्याखाली एक आख्खी पेठ असल्यासारखं वाटायचं, जिथं प्रत्येकाला दुसऱ्या कुणापासून तरी जीव वाचवायचा आहे. एका किड्याची अळी दाखवून ती म्हणाली होती की ही वाळूचे कण आणि पानांचे तुकडे चिकटवून अंगाभोवती नळी करते आणि तीच ओढत हिंडते, म्हणजे माशाला वाटावं काडीकचरा आहे. काळी पिल्लं एका जागी गर्दी करून पोहतात ती भेकाची, म्हणजे खरबरीत अंगाच्या बेडकाची, ती लपत नाहीत, कारण त्यांची चव वाईट असते. मासा एखादं तोंडात घेतो आणि थुंकून टाकतो. साध्या बेडकाच्या पिल्लांना तसली चव नाही, म्हणून ती माशाचा सुगावा लागला की हलायचीच थांबतात, तळाशी गाळात दगडासारखी पडून राहतात. शिंगी नावाच्या माशाला बगळ्यानं धरलं की तो दोन्ही बाजूंचे काटे ताठ करतो, मग बगळ्याच्या घशातून खाली जात नाही. "आणि कुमे, पाण्यात ओरडून काय उपयोग न्हाय," ती म्हणायची, "तिथं बातमी वासानं जाते. एका माशाला दात लागला की त्याच्या कातडीतनं कायतरी पाण्यात उतरतं, आणि बाकीच्यांना कळतं."

आमच्याकडे कोल्हापुरात बायकाही 'मी जातो', 'मी खातो' असंच म्हणतात. अक्का विद्यापीठात जपून बोलायची, पण पाण्याजवळ बसली की तिचं सगळं बोलणं पेठेतलं व्हायचं. "मी आता काय करतो बघ," असं म्हणत तिनं एकदा घरी बाटलीभर पाणी आणलं. विद्यापीठात तिच्या सरांनी एका टाकीत मरळ मासा पाळला होता, त्या टाकीतलं ते पाणी. दिसायला साधं. ते तिनं रंकाळ्याच्या गोगलगायींच्या बरणीत ओतलं आणि आम्ही दोघी कट्ट्यासमोर उकिडव्या बसलो. भाजी चिरता चिरता अव्वाही येऊन उभी राहिली. आधी काहीच झालं नाही. मग एक गोगलगाय काचेवरून वर सरकायला लागली. मग दुसरी. चहा होऊन पिऊन होईपर्यंत बहुतेक सगळ्या पाण्याच्या रेषेच्या वर येऊन काचेला चिकटून बसल्या होत्या. पंचगंगेला पूर आला की नदीकाठची माणसं माळ्यावर चढून बसतात तशा. मासा बरणीत नव्हताच. नुसता त्याचा वास आला होता.

"अगं बाई," अव्वा म्हणाली, "एवढुशा जिवाला एवढी अक्कल!"

आणि मग अक्कानं दुसरी बरणी पुढे ओढली. तीतल्या गोगलगायी मल्लूमामांच्या खणीतल्या. त्यांच्यातही तेच पाणी ओतलं. त्या मात्र तळाशी बसून निवांत शेवाळ खात राहिल्या. एकही वर आली नाही. अक्का त्यांच्याकडे बघत राहिली होती ते तोंड मला अजून दिसतं. कुणी लहान मूल झोपेत हसावं आणि आपण हलू नये, तसं.

मल्लाप्पा हे अव्वाचे धाकटे भाऊ. कागलच्या पुढे, सीमेच्या अलीकडे त्यांचं गाव. उंच, सावळे, डोक्याला पटका, बोलण्यात निम्मं कानडी. त्यांना मूलबाळ नव्हतं. ते आणि गौरामामी, दोघांचा जीव अक्कावर. मामा तिला नावानं हाक मारत नसत, 'तायव्वा' म्हणत. त्यांच्या रानाच्या कडेला एक जुनी दगडाची खण होती. कधीकाळी रस्त्यासाठी दगड काढून सोडून दिलेली. तिला ओढा येऊन मिळत नव्हता की नदीचं पाणी चढत नव्हतं, नुसतं पावसाचं पाणी साठायचं, आणि एका खोल कोपऱ्यात ते उन्हाळाभर टिकायचं. म्हणून त्या खणीत मासा नव्हता. कधीच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या गोगलगायींनी माशाचं तोंड बघितलं नव्हतं. अक्काच्या सरांना हे ऐकून इतका आनंद झाला होता की ते स्वतः एस.टी.नं येऊन खण बघून गेले. अशी जागा शोधून सापडत नाही, म्हणाले. अक्काचं सगळं काम या दोन पाण्यांवर उभं होतं. एक माशांचं पाणी आणि एक बिनमाशांचं. भीती जन्मतःच अंगात असते की ती शिकावी लागते, हा तिचा प्रश्न होता. दोन पावसाळे तिनं दोन्हीकडच्या गोगलगायी ताडून बघितल्या होत्या. तिसऱ्या पावसाळ्यात खणीतली अंडी आणायची, त्यांतली पिल्लं पहिल्या दिवसापासून माशाच्या वासाच्या पाण्यात वाढवायची, आणि ती वर चढायला शिकतात का ते बघायचं, एवढं राहिलं होतं.

मामांना यातलं किती कळत होतं कोण जाणे. पण आम्ही गेलो की ते सगळी कामं टाकून खणीवर यायचे. अक्का दगडावर वाकून पाण्यात बघायची तेव्हा तिच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहायचे. गावातल्या म्हशी तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आमच्या तायव्वाची शाळा हाय ततं."

त्या उन्हाळ्यात मामा ज्वारीची पोती घेऊन आमच्याकडे आले होते. दुपारचं जेवण चाललं होतं. भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याचं भरीत आणि मामांसाठी म्हणून अव्वानं केलेली हुग्गी. गव्हाची ती गुळातली खीर मामा ताट तोंडाला लावून प्यायचे. अक्का वाढता वाढता त्यांना सांगत होती. आपण कुठवर आलो, सर काय म्हणाले, रंकाळ्याच्या कशा घाबरतात, खणीतल्या कशा घाबरत नाहीत. तिच्या बोलण्याला वेग आला होता. "सगळं त्या खणीमुळं, मामा. तिच्यात मासाच न्हाय!"

मामांचा घास हातातच राहिला. "मासाच न्हाय?"

"एकबी न्हाय!"

"रंकाळ्यात हाय व्हय?"

"रंकाळ्यात लई हायत. मरळ, शिंगी, सगळं. मरळाला त्या कशा भितात तेच तर बघायचंय मला."

"मरळच लागतो?"

"व्हय. मरळच," अक्का हसून म्हणाली आणि त्यांच्यासाठी आणखी हुग्गी आणायला आत गेली. मामा खाली बघून जेवत राहिले. मी समोरच होते. त्यांच्या कपाळावर आठी आली होती, पण मला वाटलं चटणी तिखट झाली असेल. त्यांनी काय ऐकलं होतं हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आनंदानं सांगितलेली गोष्ट त्यांनी आपल्या खणीतली उणीव म्हणून ऐकली होती. पोरीच्या शिक्षणाला जे लागतं ते रंकाळ्यात आहे आणि आपल्याकडे नाही, एवढंच घेऊन ते गावी गेले.

त्याच सुमाराला आजऱ्याहून स्थळ आलं. काजूचा व्यापार, चांगलं घर, मुलगा शिकलेला आणि स्वभावानं शांत. अप्पा काही हट्टी नव्हते. त्यांनी अक्काला दुकानात बोलावून गादीवर बसवून विचारलं. अक्का म्हणाली, काम पुरं होऊ दे. अप्पांनी त्या लोकांकडून दिवाळीपर्यंतची सवड मागून घेतली. "दिवाळीपर्यंत तुझं सगळं होतंय न्हवं?" त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, "होतंय, अप्पा." आणि झालंही असतं. आजही मला तसंच वाटतं.

नागपंचमीला आम्हाला आजोळी जायचंच असायचं. त्या भागात पंचमी म्हणजे पोरींचा सण. झाडांना झोके बांधलेले, घरोघरी लाडू, नव्या बांगड्या. अंडी आणायची म्हणून अक्कानं चार बरण्या धुऊन, कापडात गुंडाळून पिशवीत घेतल्या होत्या. एस.टी.तून उतरलो तर मामा फाट्यावर उभे. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. घरी पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "आदी खणीवर चल. तुला कायतरी दावायचं हाय."

पाऊस उघडला होता. खण अर्धी भरली होती, पाणी हिरवट, शांत. मामांनी अक्काला तिच्या नेहमीच्या दगडावर उभं केलं आणि म्हणाले, "गप बघ. बोलू नगो." आम्ही तिघं उभे राहिलो. थोड्या वेळानं पाण्याच्या मधोमध एक काळपट तोंड वर आलं, 'गुप्प' असा हवा गिळल्याचा आवाज झाला आणि ते खाली गेलं. पाण्यावर एक गोल लाट पसरत आमच्या पायापर्यंत आली.

"मरळ!" मामा म्हणाले. "बघितलास? जोडी हाय. अन त्या तकडं बघ." त्यांनी दाखवलं तिकडे पाण्याच्या पृष्ठभागाखाली काहीतरी लाल थरथरत होतं. मरळाची पिल्लं. शेकडो, एकत्र, एखादं लाल फडकं पाण्यात धरून हलवावं तशी. खाली आई राखण करत असणार. "पोरं झाली त्यांला! कोळी म्हनला, मरळ एकटा ऱ्हात न्हाई, म्हून बारकी मासळीबी घातली. आता तुला रंकाळ्यावर जायाला नगो, तायव्वा. समदं हतंच."

अक्का दगडावरून खाली उतरली आणि पाण्याच्या कडेला बसली. जिथं आधी दर बोटाला एक गोगलगाय असायची तिथं पाण्यात काही नव्हतं. बेडकाचं एक पिल्लू दिसत नव्हतं. शेवाळ मात्र माजलं होतं, खायला कुणी उरलं नव्हतं म्हणून. ती कडेकडेनं पुढे सरकत गेली आणि एका कपारीपाशी थांबली. तिथं काळ्या दगडावर, पाण्याच्या वर वीतभर, थोड्याशा गोगलगायी चिकटून बसल्या होत्या.

मामा मागून म्हणाले, "ह्या बग, ह्याबी हायत की. पयलं पान्यातच असायच्या. आता समद्या वर यून बसत्यात. तुजीच वाट बगत असत्याल."

अक्कानं त्यांतल्या एकीला बोट लावलं. तिची पाठ आमच्याकडे होती. ती उठली तेव्हा तिचा चेहरा मला दिसला, मामांनाही दिसला असेल, पण त्यांना त्यात काय दिसलं ते मला माहीत नाही.

"मामा, हे मासं तुमी आणलासा?"

"मग कोन? तू म्हनालतीस न्हवं, मासाच न्हाई म्हून."

"लई छान केलंसा, मामा," अक्का म्हणाली.

रात्रीच्या स्वयंपाकाला चुलीपाशी बसलो तेव्हा मामीनं सगळी हकिकत सांगितली. वैशाखात खण आटत आली असताना मामा एकटेच नदीकाठच्या कोळ्यांकडे गेले होते. जन्मात ज्या माणसानं मासळीच्या बाजारावरून जाताना नाकाला पटका लावला, त्यानं जिवंत मासे घागरीत घेतले आणि एस.टी.त मांडीवर घागर धरून गावापर्यंत आणले. गाडीतल्या लोकांनी नाकं मुरडली. कंडक्टर म्हणाला, पावणं, तुमच्या गळ्यात लिंग आणि मांडीवर मासं, हे काय? मामांनी घागर आणखी जवळ ओढली. दोन खेपा केल्या. गावात बोभाटा झाला की मल्लाप्पा मासं खायाला लागला. देवळात चार माणसांत त्यांना विचारलं गेलं. "ते म्हनालं," मामी भाकरी थापत म्हणाली, "माझी पोर शिकतीया, तिला लागत्यात. तुमास्नी काय करायचं ते करा. त्या दिसापासनं दोन घरं आमच्यात पाणी घेत न्हाईत. पर ह्यांचं आपलं एकच. तायव्वा आली की किती खूश हुईल." बोलता बोलता मामी हसली. अक्कानं तिच्या हातातली परात काढून घेतली आणि म्हणाली, "उठ मामी, मी थापतो."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. रिकाम्या बरण्या मांडीवर. निपाणीहून येणाऱ्या त्या गाडीत तंबाखूचा वास भरला होता. कागल मागे पडल्यावर, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "शिकल्या गं त्या, कुमे. वर चढायला शिकल्या. आणि मी तिथं न्हवतो."

सरांनाही तिनं तेच सांगितलं, मासे कुणी टाकले तेवढं सोडून. मी विद्यापीठाच्या पायऱ्यांवर तिची वाट बघत बसले होते, तिनं मागून मला सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत. खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "शालिनी, हे तू पाहिलंस, पण यातून सिद्ध काहीच होत नाही. ज्या जगल्या त्या शिकल्या म्हणून जगल्या, की मुळातच चार-दोन भित्र्या होत्या आणि त्याच तेवढ्या उरल्या? आता कसं सांगणार?" दुसरी अशी खण शोधू, पुन्हा सुरुवात करू, असंही ते म्हणाले. अजून दोन-तीन पावसाळे लागतील, पण तुझ्यासारखी विद्यार्थिनी मला सोडायची नाही.

दोन-तीन पावसाळे. ते अप्पांकडे मागायचे तर कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण एकच होतं. अप्पांना सांगितलं असतं तर अप्पा तोंडावर बोलणारे, मामांना म्हणालेच असते. अव्वाला सांगितलं असतं तर सख्ख्या भावानं आपल्या लेकीचं नुकसान केलं हे तिला आयुष्यभर पुरलं असतं. आणि मामांनी देवळात चार माणसांसमोर जे सोसलं होतं त्याचं काय झालं असतं? मी अक्काला म्हणाले, "मी सांगतो अप्पांना. तू गप बस." तिनं माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझी शपथ हाय तुला. ह्या घरात हे कुणाला कळता कामा नये."

अप्पांनी विचारलं, "कुठवर आलं तुझं?" ती म्हणाली, "खणीचं पाणी बिघडलं, अप्पा. आता काय होत न्हाय त्यातनं." अप्पांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. "मग आता काय करतीस?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "आजऱ्याच्या लोकांना होय म्हणून सांगा." अप्पा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी वाटलं असावं, कारण त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, "नक्की?" आणि तिनं मान हलवली. एखाद्या बापानं आणखी किती विचारायचं?

लग्न पेठेतच झालं. तिच्या पाठीशी मामा म्हणून मल्लूमामाच उभे राहिले, नवा पटका बांधून, डोळे पुसत. बरण्यांतल्या गोगलगायी आम्ही दोघींनी लग्नाच्या आधी रंकाळ्यात सोडल्या. खणीतल्या मात्र अक्का सोडेना. म्हणाली, ह्यांना तिथं कळणार नाही. त्या कट्ट्यावरच राहिल्या, अव्वा त्यांना पालक घालत राहिली, आणि हळूहळू एकेक करून संपल्या.

अक्काचं आजऱ्याला वाईट झालं असं मी म्हणणार नाही. नवरा चांगला निघाला, सासू खाष्ट नव्हती, दोन मुलं झाली. काजू भाजण्याच्या शेडवर देखरेख करायची, बायकांची हजेरी बघायची, चार महिने धो धो पडणाऱ्या पावसात घर कोरडं ठेवायचं, यात तिचे दिवस गेले. मी तिच्याकडे राहायला गेले की परसातल्या विहिरीवर, ओढ्यावर आम्ही धुणं धुवायला जायचो. पाण्यात काही हललं की मीच बघायचे. ती पिळे घालत राहायची. घरात तिनं पुन्हा कधी बरणीत पाणी भरून ठेवलं नाही. एकदा तिचा मुलगा शाळेतून येऊन म्हणाला, आई, बेडूक पावसाळ्यातच का गं ओरडतो? ती म्हणाली, "तुझ्या मॅडमना विचार." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मामा आजारी पडले तेव्हा त्यांना कोल्हापुरात दवाखान्यात आणलं. मामी आधीच गेली होती. अव्वा थकलेली. अक्का आजऱ्याहून येऊन राहिली आणि आम्ही दोघींनी आळीपाळीनं त्यांच्याजवळ बसायचं ठरवलं. अंगातलं सगळं मांस गेलं होतं, पण आवाज तसाच खणखणीत. वॉर्डातल्या सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की ही माझी तायव्वा, लई शिकलेली.

एका दुपारी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. तरुण होत्या, नुकत्याच शिकून आलेल्या असाव्यात. मामांचा हात हातात घेऊन नाडी बघत होत्या, तेव्हा मामा त्यांना म्हणाले, "बाई, ही माझी भाची. मोटी शास्त्रज्ञ हाय. पान्यातल्या जीवांवर शिकली. हिला मासं लागत हुतं, तर मी आनून दिलतं. गावानं वाळीत टाकायचं ठरवलतं, तरी आनून दिलतं."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि अक्काकडे वळून कौतुकानं म्हणाल्या, "हो का? मग पुढं संशोधन पूर्ण केलंत?"

मी खाली बघितलं. पलंगाच्या लोखंडी पायाजवळ अक्काच्या चपला होत्या, टाचा झिजलेल्या. वर बघितलं तेव्हा मामा तिच्याकडेच बघत होते. उत्तर त्यांना माहीत आहे अशा खात्रीनं, नुसतं ऐकायला मिळावं म्हणून.

"केलं की," अक्का म्हणाली. "मामांनी मासं दिलं नसतं तर झालं नसतं."

मामांनी डोळे मिटले. डॉक्टरीणबाई पुढच्या पलंगाकडे गेल्या. अक्का उशाशी बसली, वाटीतलं पेजेचं पाणी चमच्यानं हलवून निवत घातलं आणि त्यांच्या ओठांपाशी नेत म्हणाली, "आ करा, मामा. थोडं घ्या."